भाभींच्या भट्टीचं पॅकिंग

"थांब, हाताला विचारतो," असं म्हणून मामा डोळे मिटायचे आणि समोर आलेल्या लोखंडी भागाच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवायचे. एक फेरी, दुसरी फेरी. ट्रकवाला घाईने हॉर्न वाजवत असला तरी तिसरी फेरी चुकायची नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, "डाव्या अंगाला खड्डा हाय. जाड पॅकिंग लागंल."

काशीमीरा नाक्यावर माझं स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं. नव्वदनंतरची ती वर्षं. नाक्यावर सगळे ज्यांना मामा म्हणत, ते दुकानाच्या पायरीवर पॅकिंग कापायला बसायचे. पॅकिंग म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये घालायची पातळ पट्टी. ती नीट बसली नाही तर तेल गळतं. कंपनीच्या डब्यावर तिला गॅस्केट म्हणतात, पण नाक्यावर ते नाव कुणी घेत नसे. त्या काळात तुम्ही हायवेने गेला असाल, तर ट्रकांच्या धुरळ्यात गोल डोक्याच्या हातोडीने टुकटुक करणारा एक काटक म्हातारा तुम्हीही पाहिला असेल.

मामा मूळचे जालन्याकडचे. सकाळी आले की "जय भीम" म्हणत, चहा बशीत ओतून पीत आणि कामाला लागत. त्यांना एकच गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत. "माझं पॅकिंग परत येत न्हाई." खरंच येत नसे. नवा मेकॅनिक भेटला की ते हे वाक्य त्याला ऐकवत, आणि जुने मेकॅनिक माझ्याकडे बघून हसत. मीही हसायचो. माणसाला एवढी हौस असावी.

जवळच्या नया नगर वस्तीतल्या एक भाभी रिक्षाने दुकानात आल्या, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात मामांकडे बोट दाखवलं. भाभींचे मिस्टर जहाजावर खानसामा होते. त्यांनी जपानहून एक जाड मातीची भट्टी आणली होती. रांजणाएवढी, वर घुमटासारखं झाकण. आत कोळसा पेटवायचा, झाकण लावायचं आणि हवेची भोकं कमीजास्त करून आच धरायची. भाभी घरूनच कबाबच्या ऑर्डरी घेत. पण झाकणाच्या कडेची लोकरी पट्टी जळून झिजली होती. फटीतून हवा शिरे, कोळसा भडके आणि कबाब करपत. रविवारी एका लग्नाची ऑर्डर होती. पहिलीच मोठी.

"वो बिगड़ गया तो फिर कोई नहीं बुलाएगा," भाभी म्हणाल्या.

"पॅकिंगच हाय ना? हो जायेगा," मामा म्हणाले.

गुरुवारी मामांनी भाभींच्या घरी जाऊन जुनी पट्टी खरवडली, बाजारातून जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड आणलं, कापून चिकटवलं. झाकणाखाली बसचं जुनं तिकीट ठेवून चारी बाजूंनी ओढून पाहिलं. कुठेच सुटेना. भाभी खूश, मामा खूश, आणि माझा रुबाब तर विचारूच नका.

शुक्रवारी दुपारी भाभी डबा घेऊन पुन्हा दुकानात हजर. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "सूंघो, मामा."

डबा नाकाशी नेताच मामांचा चेहरा उतरला. कबाबांना इंजिन ऑइलचा वास येत होता. इंजिनाचं कॉर्कचं, म्हणजे बुचाचं पॅकिंग लावण्याआधी तेलात भिजवतात, म्हणजे ते घट्ट बसतं. आयुष्यभराच्या सवयीने मामांनी नमदाही चिकटवण्याआधी तेलात भिजवून घेतला होता.

दुकानात दोन ओळखीचे मेकॅनिक उभे होते. मामांची लाज राखावी म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "भाभी, कोयला खराब होगा."

"गप रे," मामा म्हणाले. "कोयला नहीं भाभी, मैं. मेरा पॅकिंग वापस आया."

मला फार वाईट वाटलं. त्या दोघांसमोर हे वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. मेकॅनिकही हसले नाहीत. पान्हे उचलून गुपचूप बाहेर गेले.

शनिवारी मामांनी भट्टीची कड सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतली. मी सोबत होतो. नवी पट्टी त्यांनी आपल्याच घोंगडीची कापली, कोरडी. "तेलाला हात लावू नगं म्हणून मलाच सांग अधूनमधून," म्हणाले. चिकटवायला सोल्युशनची ट्यूबही नको. भाभींकडून अंड्याचा पांढरा भाग मागून घेतला, त्यात चुना घोटला. गावाकडे फुटलेली बरणी अशीच सांधत, म्हणे. पट्टी बसवून झाकण लावलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून मी पाहायला गेलो, तर मामा सकाळपासून तिथेच. भाभींच्या मागच्या अंगणात भट्टीपासून दोन हातांवर बसलेले. झाकण उघडलं की वाकून वास घ्यायचे आणि परत बसायचे. भाभींनी दोनदा जेवायला बोलावलं. "बाद में," म्हणाले.

दिवेलागणीला लग्नघरचा माणूस परात न्यायला आला. त्याने एक कबाब मोडून तोंडात टाकला. मामा उठून उभे राहिले होते. तो माणूस चावत राहिला, चावत राहिला, आणि भाभींना म्हणाला, "अगले जुम्मे को भी खाली हो क्या? बहन की मंगनी है."

मामांनी खाली वाकून चप्पल शोधली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चल. कुठं वडापाव भेटतो का बघू. कालपास्नं काही खाल्लं न्हाई."

हळू बोलले, पण भाभींनी ऐकलं. त्यांनी मामांना पायातली चप्पल काढायलाच लावली, चटई टाकली, ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण आठवण आली की मला तेच दिसतात, मांडी घालून, मान खाली घालून, सावकाश जेवणारे. तिसऱ्यांदा रोटी मागताना त्यांनी वर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भाभी, अच्छा बना है."