धवल्यांची सहासष्ट पानं

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकांबद्दल आधीच माफी मागते, जरी ही वही माझ्याच कपाटात साड्यांखाली राहणार असली तरी. चारचौघांत मला बोलता येत नाही. कागदावर थोडं जमतं.

आमच्याकडे लग्नात हळदीपासूनचे विधी धवलारीण गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. माझ्या सासूबाई धवलारीण. गव्हाण गावात आणि आसपासच्या कितीतरी मांडवांत त्या गायल्या, पण आता त्यांना दम पुरत नाही. म्हणून भावकीतल्या बायकांनी ठरवलं की धवले छापून ठेवायचे. सासूबाई सांगत गेल्या आणि मी लिहून दोन वह्या भरल्या. पनवेलला कोर्टाजवळ एका काकांचं टायपिंगचं दुकान आहे. मराठीला पानामागे तीस रुपये. त्यांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, "चाळीसेक पानं होतील." बारा बायकांनी शंभर शंभर रुपये काढून माझ्या हातात दिले.

आठ दिवसांनी गेले तर काका म्हणाले, "ताई, सहासष्ट झाली."

का, असं मी विचारायला हवं होतं. मी फक्त मान हलवली आणि घरी आले. सातशे ऐंशी रुपये कमी पडत होते. खांदा कॉलनीत आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर माझी मोठी जाऊ राहते. तिच्याकडे मागितले. तिने दिले, पण तिचं तोंड कोण धरणार.

"काय गो, गेलीस तवा चालीस आनि आलीस तवा सासष्ट. मधली सव्वीस पानं खाडीत पोवायला गेली काय?"

"काकांनी सांगितलं तेवढं मी सांगते."

"सांग सांग. आमी काय शिकलेल्या नाय."

संध्याकाळपर्यंत बाराही घरांत ते पोचलं. एका नणंदेने फोन करून गोड आवाजात विचारलं, "वहिनी, पानाला तीसच घेतात ना गं तिथे?" मला कळलं. पैसे मी खाल्ले असं त्यांना वाटत होतं. सातशे ऐंशी मी कुठूनही भरले असते, पण त्यानंतर माझ्या हातात कोणी विश्वासाने शंभराची नोट ठेवली नसती.

दुसऱ्या दिवशी पैसे भरून गठ्ठा आणला. मला काकांचा संशय होताच. आमच्या लोकांना टाईप केलेल्या कागदाचा तसाही भरवसा वाटत नाही. सरकारने आमच्या जमिनी घेतल्या त्या टाईप केलेल्या कागदांवरच घेतल्या. मी गठ्ठा सासूबाईंपुढे ठेवला. त्यांना वाचता येत नाही. पानावरून हात फिरवत म्हणाल्या, "एवरी जागा मोकली कशाला ठेवली?"

खरंच, प्रत्येक ओळीखाली पांढरी फट होती. माझं बोट आडवं बसेल एवढी. मी पेन्सिल घेऊन बसले. हळदीच्या धवल्यात एक ओळ फार लांब आहे, कारण तीत सगळ्या देवांना मांडवात बोलावणं जातं. ती ओळ पानावर मावत नसल्यामुळे मोडून खाली आली होती. तिथे मात्र फट लहान होती. ओळ जिथे संपली तिथेच मोठी फट. म्हणजे ओळ कुठे संपते हे ओळखून कोणीतरी फट घालत होतं. मला वाटलं, काका मुद्दाम घालतात, पानं वाढवायला. सगळी सहासष्ट पानं बघितली. एकही ओळ सुटली नव्हती.

ते पान पिशवीत घालून मी दुकानात गेले. रस्ताभर एकच वाक्य मनात घोकत होते. काका एकटेच होते. मी खुर्ची अशी ओढून घेतली की मला कॉम्प्युटरचा पडदा दिसेल.

"काका, ही जागा कोण सोडतं?"

"कुठली जागा? ती मशीनचीच असते."

"मग मशीनला कसं कळतं ओळ संपली ते?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वकिलाकडे कामाला आहात का?"

"नाही."

मी पान पुढे केलं. देवांच्या ओळीवरची पेन्सिलची खूण त्यांनी बराच वेळ बघितली. मग फाईल उघडली. ओळीच्या शेवटी एन्टर दाबलं की फट पडत होती. नुसतं लिहीत गेलं आणि ओळ आपोआप खाली आली, तर पडत नव्हती. त्यांनी चार-पाच वेळा करून पाहिलं आणि कान खाजवला.

"थांबा, कमी करून देतो," म्हणाले, आणि अक्षरंच बारीक केली. पानं भराभर कमी झाली. मला वाटलं, आता मला गप्प करायला बघतात.

"अक्षर नको. फट काढा."

मग ते एकेक खिडकी उघडून बघायला लागले. शेवटी पॅराग्राफ नावाची एक चौकट सापडली. ओळीच्या आधी किती जागा, नंतर किती जागा, असं त्यात होतं. 'नंतर'च्या पुढे दहाचा आकडा होता. त्यांनी शून्य केला. दोन ओळींमधलं अंतरही थोडं जास्त होतं, ते एकवर आणलं. खालच्या कोपऱ्यात पानांचा आकडा असतो, तो सहासष्टवरून एक्केचाळीसवर आला. मला त्याचाही संशय आला. गाणीच उडाली नाहीत ना? मी त्यांना शेवटपर्यंत फाईल सरकवायला लावली आणि गाणी मोजली. तेवीसच्या तेवीस होती. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र मला थोडी जागा हवी होती. ती त्यांनी प्रत्येक गाण्याच्या नावाच्या आधी वेगळी घातली. पानं तेवढीच राहिली.

एवढं झालं तरी माझं तोंड तसंच असावं, कारण काका म्हणाले, "मीच आधी घातली आणि आता काढली, असं वाटतंय ना तुम्हाला?"

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

त्यांनी एक कोरी फाईल उघडली. "बघा, मी कुठेच हात लावलेला नाही." दोन शब्द लिहिले, एन्टर दाबलं, परत दोन शब्द. मधे तीच फट. चौकट उघडली तर दहाचा आकडा तिथे आधीच येऊन बसलेला.

"हा कॉम्प्युटर गणपतीच्या आधी घेतला," ते हळू आवाजात म्हणाले. "जुन्यावर असं नव्हतं. तीस वर्षं टाईपरायटर बडवला मी, त्यात दांडा ओढू तेवढीच जागा सुटायची. हल्ली प्रतिज्ञापत्रं लांबतात हे मला दिसत होतं. मी म्हटलं, लोकांची भांडणंच वाढली."

चौकटीच्या खाली डिफॉल्टचं, म्हणजे आकडा कायमचा ठरवायचं, बटण होतं. दाबल्यावर मशीनने विचारलं, फक्त या फाईलला की सगळ्या फाईलींना. त्यांनी सगळ्या निवडलं. मी त्यांना सगळं बंद करून पुन्हा उघडायला लावलं. आकडा शून्य होता. परत एकदा लावलं. तेव्हाही शून्य.

"आता पैसे," मी म्हटलं.

"पंचवीस पानांचे साडेसातशे होतात. पण ताई, कागद गेला, शाई गेली. अर्धे घ्या."

मी खुर्चीवर तशीच बसले. मला तेवढंच येतं. पंखा फिरत होता. एक माणूस भाडेकरार करायला आला आणि बाकावर बसला. काकांनी गल्ला उघडला, साडेतीनशे मोजून दिले आणि म्हणाले, "एक्केचाळीस पानं आत्ताच नवी काढून देतो. बाकीचे चारशे सोमवारी." मी ते त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं आणि खाली सही घेतली.

सोमवारी दुकान बंद होतं. कुलपाकडे बघत मी अर्धा तास उभी राहिले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला काहीच माहीत नव्हतं. मनाशी म्हटलं, गेले चारशे. घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नाही.

मंगळवारी परत गेले. काका होते. एका डोळ्याला पट्टी होती. "डॉक्टरने बसवून ठेवलं काल," ते म्हणाले आणि मी कागद काढायच्या आत शंभराच्या चार नोटा पुढे केल्या. "आणखी दोन गिऱ्हाइकांचेही जादा घेतलेले परत केले. बाकीचे कोण कोण होते, आठवत नाही." त्यांच्या समोरच मी नोटा दोनदा मोजल्या. ते रागावले नाहीत.

घरी बायका सासूबाईंभोवती बसल्या होत्या. मी नवा गठ्ठा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. काकांचे साडेसातशे होते. एक्केचाळीस पानांचे बाराशे तीस झाले, म्हणून आमच्या बाराशेच्या वर गेलेले तीस माझ्या पाकिटातून काढले आणि सगळे जावेच्या हातात दिले.

"पानं किती?" तिने विचारलं.

"एक्केचाळीस. मोजून घे."

तिने आधी पानं मोजली. मग पैसे मोजले, थांबली, आणि परत पहिल्यापासून मोजले. बायका बघत होत्या.

"सातशे ऐंशी. पुरे हायेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि पैसे कमरेच्या बटव्यात ठेवले.