पनवेल: उपवास आणि उपाशी यांच्यामधला मुक्काम

"पनवेलला कुणी जातं का? पनवेलवरून जातात!" दारात माझी बॅग बघून नवऱ्याने टोला हाणला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. विमान पकडायचं असो की समुद्र बघायचा, आम्ही आजवर पनवेल फक्त ओलांडलेलं. या ब्लॉगवर तुम्हाला माझ्याकडून किल्ले आणि समुद्रकिनारे यांची सवय आहे, पण या वेळी मी चक्क एक फ्रीझर बघायला निघाले होते.

माझी पोटापाण्याची नोकरी आहे माहितीचे तक्ते सरळ करण्याची. कॉलेजातली मैत्रीण मेधा पनवेलच्या एका बायोबँकेत काम करते. रक्तपेढीतलं रक्त रुग्णाला चढवतात. बायोबँकेतलं रक्त बारीक नळ्यांत गोठवून वर्षानुवर्षं अभ्यासासाठी ठेवतात. मेधाच्या लोकांनी आसपासच्या गावांतून मधुमेहाच्या अभ्यासासाठी अशा नळ्या जमवल्या होत्या. आता जुना फ्रीझर बंद व्हायचा होता आणि नळ्या एका मोठ्या, सामायिक साठ्यात जायच्या होत्या. तिथला नियम असा की प्रत्येक नळीची माहिती एकाच साच्यात बसली पाहिजे.

"आणि जिची बसणार नाही ती?" मी फोनवर विचारलं.

"नष्ट करायची. म्हणून तर तुला बोलावतेय. रविवारीच ये."

पुण्याहून सकाळची बस घेतलीत तर घाट उतरेपर्यंत उजव्या-डाव्या खिडकीचं भांडण करण्यात अर्थ आहे, पुढे नाही. मी कळंबोलीला उतरले. समोर लोखंडाच्या बाजाराकडे वळणारे ट्रक, त्यांवर लांबच लांब सळया, आणि ट्रकवाल्यांसाठीचा कडक चहा. तो जरूर प्या. तिथून रिक्षा करा, पण भाडं आधी ठरवा, नाहीतर रिक्षावाला तुमच्या बॅगेच्या आकारावरून ठरवतो. मेधाच्या घरी पोचले तेव्हा तिने भरल्या वांग्यांचं ताट वाढूनच ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी फ्रीझर बघितला. खरं सांगायचं तर निराश झाले. लग्नाच्या केटरिंगवाल्याकडे असतो तसा एक मोठा पांढरा डबा, घूं घूं करणारा. मेधाने जाड हातमोजे घालून दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि आत खोक्यांच्या रांगा दिसल्या. प्रत्येक नळीवर फक्त एक आकडा. कोणता आकडा कोणाचा, ते फक्त मेधाकडे कुलपात.

मग आम्ही तक्ता उघडला आणि मी डोक्याला हात लावला. 'गव्हाण' तीन तऱ्हांनी लिहिलेलं. बेलपाड्याच्या अर्ध्या लोकांचं गाव 'बेलपाडा', अर्ध्यांचं 'खारघर'. रक्त घेतल्याची वेळ कुठे 'सकाळी', कुठे 'लवकर', एका ठिकाणी 'बस चुकल्यावर'. हे सगळं मला आवडतं, गंमत नाही. गुंता सुटताना बोटांना जे वाटतं ते मला असे रकाने जुळताना वाटतं. दुपारपर्यंत बरंच जुळलंही. 'उपवास' नावाचा रकाना तर दृष्ट लागण्यासारखा स्वच्छ होता. हो किंवा नाही, बहुतेक हो.

जेवायला बसलो. मी पोळीभाजी काढली. मेधाने डबा उघडला, त्यात साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, शेजारी बटाट्याचे पापड.

"आज सोमवार ना," ती म्हणाली. "माझा उपवास."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा चमचा हवेतच थांबला.

"मेधा, रक्त घेताना भरलेला तो फॉर्म मराठीत कुणी केला?"

"मीच," ती म्हणाली आणि डबा बाजूला सरकवला.

इंग्रजी फॉर्मला विचारायचं होतं, रक्त देण्याआधी आठ-दहा तास पोट रिकामं होतं का? मेधाने लिहिलं, 'उपवास आहे का?' आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी, खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळी खाऊन तृप्त पोटाने, अभिमानाने उत्तर दिलं होतं, हो. काही जण खरोखर उपाशी असणारच. पण कोण? मला हसू येत होतं आणि मेधाचे डोळे भरले होते, म्हणून मी हसू गिळलं. नव्या साठ्याला पक्कं उत्तर हवं होतं.

संध्याकाळपर्यंत मेधा फोन करत राहिली. लोकांना त्या दिवसाचं आश्चर्य वाटावं इतकं आठवत होतं, सुई टोचल्याचा दिवस कोण विसरतो! पण काही जण सापडलेच नाहीत. त्यांच्या नळ्या आम्ही नष्ट करण्यासाठी वेगळ्या काढल्या. राहिली गव्हाणची एक नळी. तो माणूस गेल्या वर्षी वारला होता. बायको फोनवर एवढंच म्हणाली, "घरी या."

मंगळवारी मेधाच्या स्कूटरवरून गव्हाण गाठलं. तुम्हाला जायचं तर उरणकडे जाणारी एसटी बरी, कारण त्या रस्त्यावर अवजड कंटेनर अंगावर येतात. उलव्याच्या उंच इमारती संपल्या की गाव लागतं. त्या माणसाची बायको, हिराबाई (नाव बदललंय, हे लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे) ओट्यावरच उभ्या होत्या. "बस गो बाय," म्हणत त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांचा नवरा मिठागरावर काम करायचा. मिठागर गेलं, तिथे आता रस्ता आहे.

मेधाने काही लपवलं नाही. "मावशी, रक्त दिलं त्या सकाळी काका उपाशी होते का, ते नक्की कळलं नाही तर ती नळी टाकावी लागेल."

"उपाशी व्हता," हिराबाई लगेच म्हणाल्या. "पान्याचा थेंब नाय घेतला. टाकू नका. सगल्यांना सांगायचा तो, माजा रगत बर्फात हाय, उद्या कुना पोराच्या कामाला येल. आता त्याचा दुसरा काय हाय आमच्याकडं?"

मी मोबाईलवर टिपून घेतलं. सुटलो, असं वाटलं. हिराबाईंनी आग्रहाने जेवायला बसवलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि कांद्यात परतलेला सुका जवळा, म्हणजे इवलीशी वाळवलेली कोळंबी. मंडळी, हे मिळालं तर हॉटेलांची नावं मला विचारू नका. माझी दुसरी भाकरी चालू होती तेव्हा समोर बसलेल्या हिराबाई एकदम म्हणाल्या,

"बाय, खोटा लिवला तर कुनाला तरास व्हईल का?"

माझा घास हातातच राहिला. मेधा हळू आवाजात म्हणाली, "त्या रक्तावरून साखरेचा अंदाज काढतात, मावशी. तो चुकला तर पुढच्यांचाही चुकतो."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. मग माझ्या मोबाईलकडे बोट केलं.

"मंग खोड ते," त्या शेवटी म्हणाल्या. "खाल्लावता त्यानं. सोमवार मी धरायची, तो कुठला! याच दोन भाकऱ्या, न् जवला. तुमच्या पोरीनं इचारला उपास हाय का, तर चार मानसांत नाय कसा बोलंल? हाय बोलला." डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आता टाकाल ना?"

"नाही, मावशी," मेधा म्हणाली. "आता ठेवता येईल. उपाशी असलेल्यांची जागा आहे तिथे, जेवलेल्यांचीही आहे. जागा नाही ती फक्त ज्यांचं माहीत नाही त्यांना."

हिराबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "म्हंजी, खाल्ला म्हनून राहिला?"

मेधाने मान हलवली. मग हिराबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या, आणि आम्हीही. निघताना त्यांनी मूठभर जवळा कागदात बांधून दिला. पुण्याच्या बसमध्ये मी तो तीन पिशव्यांत गुंडाळून आणला, तरी शेजारच्या काकांनी खिडकी उघडलीच.

घरी येऊन बरेच दिवस झाले. परवा वार्षिक तपासणीला गेले तर सुई हातात घेऊन मुलीने विचारलं, "उपवास आहे ना?" मी म्हटलं, "उपवास नाही, उपाशी आहे." तिला वाटलं, भुकेने चिडलेय.

पनवेलला जा असं मी सांगणार नाही, कारण बघण्यासारखं जे होतं ते दारामागे गोठलेलं आहे. पण माझ्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा हा प्रवास मला जास्त आठवतो. नळ्या हलल्याचं मेधाने कळवलं. त्या नळीची ओळ मीच भरली होती: 'उपाशी: नाही. माहिती देणार: पत्नी.' पुढे आणखी लिहावंसं वाटत होतं, पण साचा मीच जुळवलेला, आणि त्यात तेवढी जागा नव्हती. म्हणून इथे लिहून ठेवते. तांदळाच्या दोन भाकऱ्या, आणि जवळा.