सगळे घोड्यांपाशी

वर्लिन झास्ट्रो आठवड्यातले सहा दिवस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, शबॉयगन गावच्या एका दुकानात तोट्या, वायसर आणि नळाचे पाइप विकायचा. उरलेल्या वेळात तो परमेश्वर होता.

म्हणजे तळघरात होता. तिथे एक गोल टेबल होतं, त्यावर वर्लिनने आखलेले नकाशे, त्यात वर्लिनने वसवलेली राज्यं, आणि भोवती तीन मित्र. वर्लिनने गोष्ट पुढे न्यायची, मित्रांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. वीस वर्षांपूर्वी सुरू केलेली गोष्ट अजून संपली नव्हती. वर्लिनच्या दाढीचा रंग बदलला, टेबलाचा एक पाय बदलला, पण राजकन्या अजून ड्रॅगनच्या गुहेतच होती. तिचं लग्नाचं वय तर केव्हाच निघून गेलं होतं.

"तुझ्या त्या जगात इतके राजे आहेत," त्याची बायको लोइस म्हणायची, "एकाला सांग ना दारातला बर्फ उपसायला!"

तिघांपैकी गॉर्डी वांटा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. खेळात तो थॉर्ग नावाचा रानदांडगा योद्धा होता. खेळाबाहेरही फार वेगळा नव्हता. मेरिल ओडेगार्ड दाताच्या दवाखान्यात कामाला होता आणि खेळात जादूगार होता, पण आपले मंत्र त्याला कधीच आठवत नसत. आणि आर्डिस प्रिबिल शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची. टेबलाशी बसली की ती ब्रायनी नावाची बुटकी चोरटी व्हायची, आणि मग समोरच्या राक्षसाच्याच काय, मेरिलच्या खिशातलंही सोनं सुरक्षित नसे.

एक रिवाज होता. खेळाच्या पहिल्याच वर्षी मेरिलला गालगुंड झालं तेव्हा तो सुरू झाला. ज्याला यायला जमणार नाही त्याचं पात्र मरत नाही, हरवत नाही. ते बाहेर थांबून घोडे सांभाळतं. बाकीचे आत जातात.

गेली दोन वर्षं सगळे गुहेच्या दाराशी उभे होते. आत ड्रॅगन, बाहेर वीर, आणि मध्ये कॅलेंडर.

चौघांनाही एकच दिवस मोकळा सापडेना. वर्लिनने आधी ईमेल पाठवून पाहिले. मग फोनवर गट काढला. मग एका पुतण्याने शिकवलं म्हणून त्याने गटाची सगळी व्यवस्थाच ऑनलाइन उभी केली. तारखांची खोली वेगळी, नियमांची वेगळी, लुटीच्या हिशोबाची वेगळी, गप्पांची वेगळी. गप्पांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. गॉर्डी तिथे माशांचे फोटो टाकायचा, मेरिल जुळ्या मुलींच्या हॉकीचे. आर्डिसने बटाटे आणि चीज घालून भाजायच्या पदार्थाची कृती टाकली तर त्यावर चार दिवस वाद चालला. तारखांच्या खोलीत मात्र वर्लिन एकटाच बसलेला असायचा, लग्नाच्या हॉलमध्ये सर्वांत आधी पोचलेल्या म्हाताऱ्यासारखा.

एकदा कॅमेऱ्यावरूनच खेळून पाहिलं. गॉर्डीच्या कॅमेऱ्यात त्याच्या घरचा पंखा दिसत राहिला आणि न दिसणाऱ्या त्याच्या वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक वेळी वीसच पडलं.

"वीस!" पंखा ओरडायचा.

"गॉर्डी, फासा दाखव."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"विश्वास आहे रे. फाशावर नाही."

ते प्रकरण तिथेच मिटलं. खेळायचं तर टेबलाशीच, असं ठरलं.

आणि मग वर्लिनला मतदानाचं पान सापडलं. चार तारखा टाकायच्या, प्रत्येकाने समोर खूण करायची. जमेल तर हिरवी, नाही जमणार तर लाल, नक्की नसेल तर पिवळी. वर्लिन खूश झाला. पण ज्याने कोणी ते पान बनवलं त्याने आमच्या विस्कॉन्सिनची माणसं पाहिलेली नव्हती. इकडे माणूस 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. इकडे 'बघू या' म्हणतात, 'जमवतो की' म्हणतात, आणि पायात बूट चढवून निघून जातात. तेव्हा चारही तारखांसमोर सगळ्यांनी पिवळ्या खुणा केल्या. पुढच्या चार तारखांसमोरही. पान उघडलं की मोहरीचं शेत फुललेलं दिसायचं. लाल रंगाला वीस वर्षांच्या मैत्रीत कोणी बोट लावलं नाही.

असं अजून दहा वर्षंही चाललं असतं. पण जानेवारीत आर्डिसने गप्पांच्या खोलीत, बटाट्यांच्या वादाच्या मध्येच, लिहिलं: "घर विकलं गेलं बरं का. फेब्रुवारी संपायच्या आत ॲरिझोनाला चाललो. वेंडेलच्या छातीला ही थंडी सोसत नाही." वेंडेल म्हणजे तिचा नवरा.

खाली गॉर्डीने रडका चेहरा टाकला. मेरिलने उन्हाचं चित्र टाकलं. वर्लिनने फोन खिशात टाकला. तो तळघरात जाऊन गुहेचा नकाशा काढून बसला.

"लोइस," तो जेवताना म्हणाला, "आर्डिस जायच्या आत ती गुहा झालीच पाहिजे. एकदा चौघं टेबलाशी बसलो की झालं. एकच दिवस."

"मग फोन कर ना सरळ प्रत्येकाला."

"फोनवर तर तोंडावर 'बघू या' ऐकावं लागतं."

आणि त्याने ती युक्ती केली. मतदानाच्या पानावर, खाली एका कोपऱ्यात, पिवळी खूण काढून टाकायची सोय होती. वर्लिनने ती काढली. आता हिरवी नाहीतर लाल. फेब्रुवारीतला एकच शनिवार टाकला आणि वाट पाहत बसला.

संध्याकाळपर्यंत तीन हिरव्या खुणा आल्या.

वर्लिन दुकानात गिऱ्हाइकाला उगाचच दोन वायसर जास्त देऊन बसला. घरी येऊन लोइसला फोन दाखवला. तिने चष्मा लावून पाहिलं.

"गॉर्डीने हिरवी केली? त्या शनिवारी तर सरोवरावर स्टर्जन मासे मारायचा मोसम सुरू होतोय. वर्षभर त्यासाठी भाला घासत बसतो तो!"

"मित्रासाठी एक शनिवार सोडला त्याने."

"गॉर्डीने?" लोइस म्हणाली आणि चष्मा काढून ठेवला.

आता खरं काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. गॉर्डीला वाटलं, मुलींची हॉकीची स्पर्धा आहे, मेरिल लाल करणारच. बेत मोडेल, मग आपण कशाला वाईट व्हा? मेरिलला वाटलं, मासे सोडून गॉर्डी येतोय होय! तो लाल करील. आर्डिसला वाटलं, या दोघांपैकी एक जण तरी करीलच. तिघांनी एकमेकांच्या लाल खुणेच्या भरवशावर आपली हिरवी केली.

शनिवारी सकाळी वर्लिनने टेबल पुसलं. ड्रॅगनची मूर्ती त्याने स्वतः रंगवली होती, पंखांच्या कडांना सोनेरी रंग दिला होता. लोइसने सॉसेज बिअरमध्ये शिजत ठेवले. चीजचे ताजे तुकडे आणले, ते दाताखाली कुरकुरतात तसलेच. तेवढ्यात फोन वाजला. गॉर्डीचा निरोप: "थोडा उशीर होईलसं दिसतंय. माझ्यासाठी थांबू नका. थॉर्ग घोडे सांभाळेल." सोबत फोटो: गोठलेलं सरोवर, त्यावर खोपटं, आत बर्फाला पाडलेलं भोक, आणि भोकावर भाला रोखून बसलेला गॉर्डी. खऱ्या श्वापदासमोर खरा भाला.

मग मेरिल: "मुली उपांत्य फेरीत पोचल्या! प्रयत्न करतोय. तुम्ही सुरू करा. जादूगार घोड्यांपाशी."

"आर्डिस येणार," वर्लिन म्हणाला. "ब्रायनी चोरटीच आहे. एकटी गुहेत शिरली तरी चालेल."

दुपारी दाराची घंटी वाजली आणि वर्लिन जिन्यावरून वयाला न शोभणाऱ्या वेगाने वर आला. दारात आर्डिस उभी होती. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात लोइसचं उसनं नेलेलं भांडं. मागे रस्त्यावर मोटार सुरूच होती आणि आत वेंडेल बसला होता.

"आत ये की!"

"छे रे, थांबत नाही. घराच्या कागदांवर सह्या आजच हव्यात म्हणे घेणाऱ्यांना. सामानाची गाडी सोमवारी. हे भांडं तेवढं द्यायला आले."

"तू हिरवी खूण केली होतीस, आर्डिस."

"हो ना," ती म्हणाली आणि भांड्याच्या झाकणाकडे पाहत राहिली. "मला वाटलं, ते दोघं..."

"त्या दोघांनाही तसंच वाटलं."

आर्डिस हसली. वर्लिनलाही हसू आलं, त्याला काही इलाज नव्हता. मग दारातच गप्पा सुरू झाल्या. आमच्याकडे निघतो म्हटल्यावर माणूस निघत नाही. आधी मांडीवर थाप मारून "चला" म्हणायचं, मग वेंडेलच्या छातीचं बोलायचं, मग घर घेणाऱ्याच्या कुत्र्याचं, मग कामावर तिच्या जागी आलेल्या मुलीला अजून बसची वळणं कळत नाहीत त्याचं. लोइस स्वयंपाकघरातून आली, तिने सॉसेज बांधून दिले, त्यावरून अजून बोलणं निघालं. वेंडेलने हॉर्न वाजवला. आर्डिसने हात हलवला आणि मेरिलला मंत्र आठवले नव्हते म्हणून पूल कोसळला होता ती हकीगत पहिल्यापासून सांगितली. उघड्या दारातून थंडी आत येत होती. वर्लिन मनातल्या मनात मोजत होता. एवढ्या वेळात गुहा झाली असती, ड्रॅगन पडला असता, राजकन्या माहेरी पोचली असती. पण 'आत ये' हे तो दुसऱ्यांदा म्हणाला नाही. तिला पुन्हा 'नाही' म्हणायला लावायचं म्हणजे अति झालं असतं.

शेवटी आर्डिसने कोटाच्या खिशातून ब्रायनीची मूर्ती काढली. नाकाचा रंग उडालेली, बोटाएवढी.

"ही तुझ्याकडेच राहू दे. तिकडे कोण खेळणार?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "वर्लिन, एक सांग ना. गुहेत काय होतं रे? म्हणजे ड्रॅगनच्या मागे. तू नेहमी म्हणायचास, अजून काहीतरी आहे म्हणून."

उत्तर वर्लिनच्या ओठांवर आलं होतं. वीस वर्षं त्याने ते लोइसलाही सांगितलं नव्हतं.

"खेळायला ये," तो म्हणाला. "मग सांगतो."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. "बघू या," ती म्हणाली.

वेंडेलने पुन्हा हॉर्न वाजवला आणि या वेळी ती गेली.

वर्लिन खाली तळघरात आला. ड्रॅगन सोनेरी पंख पसरून टेबलाच्या मधोमध बसला होता. नकाशाच्या कडेला थॉर्ग आणि जादूगार घोड्यांपाशी उभे होते. वर्लिनने ब्रायनीला उचललं, थोडा वेळ गुहेच्या दाराशी धरलं, आणि मग तिलाही घोड्यांपाशी नेऊन ठेवलं.

तारखांच्या खोलीत आज पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून लिहिलं होतं.

"काय रे, मेला का ड्रॅगन?" गॉर्डी विचारत होता. "शेवटचा घाव आर्डिसचाच ना? मी नव्हतो तेवढं बरं, नाहीतर तिला मिळालाच नसता."

खाली मेरिल: "हरलो रे. तुमचं कसं झालं ते सांगा, तेवढंच बरं वाटेल."

वर्लिनने बरंच काही लिहिलं. मग ते सगळं खोडलं. वरून लोइसने विचारलं, उरलेले सॉसेज गोठवायला टाकू का. तो टाक म्हणाला. आणि मग लिहिलं:

"घोडे सुखरूप आहेत."

गॉर्डीने लगेच अंगठा टाकला.

"आणि ड्रॅगन?" मेरिलने विचारलं.

"तोही," वर्लिनने लिहिलं.