नळीतलं रक्त

शेजारच्या बाई प्रयोगशाळेत नळ्यांना आतून लेप देतात. हृदयाच्या ऑपरेशनात रक्त ज्या नळ्यांतून फिरतं, त्यात ते साकळू नये म्हणून. कुठंही गेल्या की बोटानं पाण्याचा थेंब टाकून बघतात, पसरतो का गोळा होतो. वस्तूचा स्वभाव त्यावरून कळतो म्हणे. गुलमंडीच्या बाजारात त्यांनी कोऱ्या साडीवर थेंब टाकला. दुकानदार लई भडकला, तर ह्या म्हणाल्या, "थांबा भाऊ, आधी थेंब बघू द्या."

काल त्यांनी मला जिन्यातच अडवलं. हातात दोन्हीकडून बंद केलेली नळी, आत रक्त. तिरपी केली की ते सरसर पळायचं.

"सकाळपास्नं असंच पळतंय. त्याला नळी परकी वाटंनाच झालीय."

त्यांचा आनंद बघून मलाही नाचावंसं वाटलं. "रक्त कुणाचं हो?"

त्यांनी बाही खाली ओढली. "घरचंच हाय."