सिंधूताईंचं नाव, सात जणींचा अभ्यास

खामगावच्या समीनाला कुणी विचारलं, की बाई, तू नेमकं करतेस तरी काय, तर तिची पंचाईत व्हायची. सर्व्हर सांभाळते म्हणावं, तर लोक लगेच घरचा वायफाय दुरुस्त करायला बोलवायचे. शेवटी तिनं आपल्या अब्बांना, म्हणजे शकीलभाई गादीवाल्यांना, चप्पल स्टँडचं उदाहरण देऊन समजावलं. चपला दिल्या की बिल्ला मिळतो. तसा पासवर्ड एकदा दिला की सर्व्हर फोनला एक बिल्ला देतो, आणि मग तो बिल्ला दाखवून फोन आत-बाहेर करत राहतो. या चालू ओळखीला सेशन म्हणायचं. कुणाचं किती दिवस चालू ठेवायचं आणि कुणाचं बंद करायचं, ते समीनाच्या हाती. "म्हंजे तू दरवाजावर बसतीस," अब्बा म्हणाले. समीनाला ते काही फार आवडलं नाही, पण खोटं आहे असंही म्हणता येईना.

हा दरवाजा होता ‘दुसरी घंटा’ या संस्थेचा. निवृत्त मुख्याध्यापक गोपाळ सरांनी ती खामगावात काढली होती. शाळा अर्ध्यात सुटलेल्या बायकांनी फोनवर धडे करायचे, सराव प्रश्न सोडवायचे, आणि ज्यांचे पुरेसे धडे होतील त्यांचा सतरा नंबरचा फॉर्म संस्था भरणार, म्हणजे त्या बाहेरून दहावीला बसणार. समीनाला पुण्यातली नोकरी मिळत होती, पण गावात राहून हे करायचा तिनं हट्ट धरला होता. काम ती चोख करायची आणि चोख करते हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात संपत असताना एका सकाळी तिला एक नाव खुपलं. सोनाळ्याच्या सिंधूताई. एकच बाई आणि सेशन सहा! एका सेशनमध्ये भूगोल चालू, त्याच वेळी दुसऱ्यात बीजगणित. समीनाला वाटलं, बाईनं पासवर्ड कुणाला तरी विकला किंवा कुणीतरी चोरला. विचारायला एक फोन करावा की नाही? पण नाही. चोर सापडल्याचा आनंद मोठा असतो. तिनं ‘सर्व सेशन बंद’ हे बटण दाबलं, खात्याला कुलूप घातलं, गोपाळ सरांना कळवलं आणि घरातच मांडलेल्या कामाच्या टेबलावरून उठून जेवायला आत गेली.

आत तिची अम्मी, नूरजहां, ओट्याशी उभी होती. तव्यावरची पोळी करपत होती आणि बाईंचं लक्ष हातातल्या फोनकडे.

"अम्मी, पोळी!"

"समीना," अम्मी वर न बघता म्हणाली, "मले बाहेर काढलं व यानं."

समीनानं फोन घेतला. पडद्यावर तिनंच लिहिलेलं वाक्य होतं: आपलं सेशन संपलं आहे. वर कोपऱ्यात नाव होतं सिंधूताईंचं.

मग सगळं बाहेर आलं. सोनाळं हे नूरजहांचं माहेर आणि सिंधू तिची लहानपणची मैत्रीण. सिंधूनं अभ्यास सुरू केला, गल्लीतल्या बायकांना पासवर्ड दिला आणि फोनवर नूरलाही सांगितला. वर्षभर अम्मी दुपारी दार लोटून धडे करत होती. अब्बांना ठाऊक होतं. शेजारच्या काकूंना ठाऊक होतं. लपवलं होतं ते एकट्या समीनापासून.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"‘तुले नाही समजत, अम्मी,’ हे तू दिवसातून कितींदा म्हणतीस?" नूरजहांनं करपलेली पोळी बाजूला ठेवली. "आठवीत होती मी, तवा माह्या अब्बानं शाळेतून काढलं. आता पोरीनं काढलं."

ती हे रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. समीनाला ताटावर बसवेना.

ती तडक गोपाळ सरांकडे गेली. सर माणूस सरळ, पण नियमाचे पक्के. "अगं, धडे सगळे सिंधूताईंच्या नावावर. त्यात कुणी किती केलं, मी कसं सांगू? आणि ज्या बाईनं सगळ्यांना आपलं नाव वापरू दिलं, तिचाही फॉर्म मी कसा भरू?"

म्हणजे एकीचाही नाही. सगळ्यांचं वर्ष पाण्यात, आणि त्यात अम्मीचंही.

समीनानं डोकं खाजवलं. प्रत्येक धड्याच्या नोंदीला सेशनचा नंबर होता. एक नंबर म्हणजे एक फोन. पण कुठला नंबर कुणाचा? फोनचं नाव नोंदवायचं तिनं आळसानं राहू दिलं होतं, आणि सेशन बंद होताच फोनमधला बिल्लाही पुसला जावा ही तिचीच हुशारी होती. आता सहा नंबर होते आणि त्यांना चेहरे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप पिशवीत घातला, अम्मीला घेतलं आणि शेगावला बस बदलून सोनाळं गाठलं.

सिंधूताई दारातच उभ्या होत्या. उंच, सडपातळ, आवाज असा की बोलल्या की गल्ली ऐके. आज मात्र त्यांचा आवाज बसला होता. "नूर, मी चोर हाओ का व?" एवढंच म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

"मावशी, पण सगळ्यांना एकच पासवर्ड काऊन देला तुमी?"

"आता पाय बाई," सिंधूताई म्हणाल्या, "कोणाच्या घरचं दही सरलं का वाटी घेऊन येते ना शेजारीण? एका घरचं विरजण गल्लीभर चालते. त्यानं माहं दही कमी होते का? मले वाटलं, हेही तसंच."

समीनाला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षं ती लोकांना पासवर्ड कुणाला देऊ नका असं बजावत होती, आणि या गल्लीत न देणारीला चिक्कू म्हणाले असते.

ओसरीवर बायका जमल्या. समीना एकेक नंबर घेऊन त्याच्या नोंदी वाचू लागली. "ही कोण? सकाळी सगळ्यांच्या आधी उठते, इतिहास सोडून बाकी सगळं करते."

"मीच ते," सिंधूताई म्हणाल्या. "मेलेल्या राजायचं काय करू मी?"

"ही एक फक्त बाजाराच्या दिवशी लांब बसते."

"माह्या घरचा बाजारात गेला का घर मोकळं राह्यते," कोपऱ्यातली योगिनी म्हणाली, आणि सगळ्याच खिदळल्या.

"ही दर चार ओळींनी थांबते."

मांडीवरच्या लेकराला थोपटत एकीनं मुकाट हात वर केला. मग गणिताचा एकच धडा पुन्हा पुन्हा करणारी आली, आणि नाव सांगायची गरजच पडली नाही. सगळ्या एकदम ओरडल्या, "समता!" समता लाजून लाल झाली, पण तो धडा शेवटी सुटला होता हे तिनं ठणकावून सांगितलं.

पाचव्या नंबराला दोघींनी हात वर केला. त्या सख्ख्या जावा होत्या, घरात फोन एकच. एक वाचायची, दुसरी भाकरी थापता थापता ऐकायची, मग पाळी बदलायची. समीनानं कपाळावर हात मारला. सहा सेशन आणि बायका सात! यांना सर्व्हरच्या बापालाही वेगळं करता आलं नसतं.

सहावा नंबर वाचायचं काम नव्हतं. तरी तिनं तो वाचला. दुपारचे धडे, रमजानातही न चुकलेले. समीनाला मागच्या रमजानातल्या दुपारी आठवल्या. अम्मी रोज्यानं थकून झोपली म्हणून ती हळू पावलानं चालायची, आणि अम्मी दारामागं त्रिकोण सोडवत होती! "अम्मी, माफ कर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. नूरजहांनं तिच्या पाठीवर एक चापट मारली आणि म्हणाली, "आता पुढचं काय ते पाय."

समीनानं परत येऊन सांगितलेलं हे सगळं गोपाळ सरांनी ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी प्रश्न काढतो. एकेकीनं माझ्यासमोर बसून सोडवायचे. नंबर ज्या धड्यांत जिला हुशार म्हणतो, त्यात ती हुशार निघाली तर मी मानीन." सातही जणी खामगावला जमल्या. सिंधूताईंनी इतिहासाचा प्रश्न बघून सरांकडे असं पाहिलं, की सरांनीच मान खाली घातली. समतानं गणित सगळ्यांत आधी संपवलं. दोघी जावांना सरांनी मुद्दाम लांब बसवलं. थोरली व्याकरणात अडली, धाकटी अडली नाही, पण दोघी निभावल्या. पेन धरायची सवय गेलेल्या नूरजहांचं अक्षर पहिल्या पानावर काही वळेना. दुसऱ्या पानावर ते वळलं. संध्याकाळी सरांनी सात फॉर्म काढले.

समीनानंही आपला दरवाजा बदलला. आता ज्याचं नाव त्याचंच खातं, पण एका फोनवर दोघींना आपापल्या नावानं बसता यायचं. आपलं नाव कुठं कुठं उघडं आहे ते जिचं तिला दिसायचं, आणि विचारल्याशिवाय कुणाचंही सेशन बंद करायची सोय तिनं स्वतःकडेही ठेवली नाही.

सगळ्यांत शेवटी अम्मीचं खातं उघडायचं होतं. समीना टाइप करायला पुढं झाली, तर अम्मीनं तिचा हात बाजूला केला. एक बोट वापरत, एकेक अक्षर शोधत तिनं नाव लिहिलं: नूरजहां. धड्यांची यादी उघडली आणि तिची वर्षभराची मेहनत तिच्या नावाखाली दिसू लागली. तिनं यादी अगदी खालपर्यंत सरकवून पाहिली.

"किती दिवस चालू ठेवू, अम्मी?" समीनानं विचारलं. "महिनाभरानं आपोआप बंद करू का?"

"काऊन?" नूरजहां म्हणाली. "मी कोठं चालली?"