तट्ट्यामागची म्हातारी

ठाण्याला नौपाड्याच्या मैदानात आमच्या संगीत नाटक मंडळीचा मांडव पडला होता. मी तिथे तबलजी. रोज दुपारी तालीम सुरू झाली, की बांबूच्या तट्ट्याबाहेर एक म्हातारी येऊन उभी राही. पाय मिठागरातल्या मिठाने पांढरे, डोळे मिटलेले, ओठ मात्र नायिकेच्या पदाबरोबर हलत. दुसऱ्या मंडळीने चाल चोरायला पाठवली असणार, अशी माझी खात्री झाली. चौथ्या दिवशी मी तिला गाठलं.

“कोणासाठी पाठ करतेस, म्हातारे?”

“पाठ कशाला करू? लग्नात गायचा धवला हाय माझा त्यो. बाळकुमला एका लग्नात गायलेले मी, तवा तुमचा मास्तर मांडवात बसलेला.” मग हसून म्हणाली, “नाटकं आज हायेत, उद्या नसतील. लग्नं थांबतील काय?”

मला ती थाप वाटली. तरी संध्याकाळी आमच्या पदांना चाली लावणाऱ्या गाण्याच्या मास्तरांना सहज विचारलं, “बाळकुमच्या लग्नाला गेला होतात का?”

तंबोरा जुळवणारा त्यांचा हात थांबला. “तुला कोणी सांगितलं?”

म्हातारी पुन्हा आली नाही. त्या पदाला वन्समोर मिळाला, की मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत असे. ते मान खाली घालून पुन्हा सूर धरत.