पिकअपवरची खोली

भुईगावच्या नरहरी चुरीने पिकअपवर खोली चढवायची ठरवली तेव्हा आळीत कोणी हसलं नाही. एरवी हसायला आमच्या लोकांना एवढंही लागत नाही. पण ती खोली कोणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जो तो गुपचूप येऊन बघून गेला आणि "बरं केलंस" म्हणून घरी जाऊन काय बोलायचं ते बोलला.

नरहरी म्हणजे आळीतली फुलं दादरला पोचवणारा माणूस. स्वतःची वाडी म्हणाल तर बेताची, तीही भावासोबत सामाईक. पण सोनचाफा असो, मोगरा असो, केळीचे घड असोत, टोपल्या भरून त्याच्या दारात ठेवल्या की मालक निर्धास्त झोपायचा. तीस वर्षांत त्याने तीन गाड्या झिजवल्या. बायको, आशालता, त्याला म्हणायची, "तुमच्या गाडीत अख्ख्या गावाची फुलं बसतात. बसत नाही ती एक मी." यावर नरहरीचं उत्तर ठरलेलं असायचं, "पुढच्या वर्षी जाऊ की कुठेतरी." अशी पुढची वर्षं किती गेली ते त्या दोघांनाच माहीत.

मग आशालताला झटका आला. डावं अंग गेलं, जीभ जड झाली. आडवी असली की ठीक, उठवून बसवलं की थोड्याच वेळात तिचे डोळे फिरायचे आणि ती मान टाकायची. नरहरीने तिचं सगळं स्वतः केलं. अंग पुसणं, भात भरवणं, कुशी बदलणं, काही म्हणून राहू दिलं नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं. रडू येईना, राग येईना. आमटीत मीठ नसलं तरी तो ती तशीच खाऊन उठायचा. शेजारच्या रेजिनाने एकदा विचारलं, "नरहरीभाऊ, तुम्ही बरे आहात ना?" तर म्हणाला, "गाडीत डिझेल भरायचंय." आता याला काय म्हणायचं?

त्यांची एकुलती एक मुलगी उन्नती कोल्हापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, रीतच आहे ती. पण आईच अंथरुणावर, मग काढणार कोण? बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. आशालताला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तिने उजव्या हाताने फोनची काच चाचपली. म्हणाली, "फोनवरचं बाळ हाताला लागत नाही." आणि मग हट्टच धरला. आजीने पाळण्यात घातल्याशिवाय बारसं करायचं नाही. सासरची माणसं भली, ती थांबली. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी नुसतं 'बाळ्या' म्हणून हाक मारायची.

आता कोल्हापूरला न्यायचं कसं? बसवताच येत नाही तिथे आगगाडीचं, मोटारीचं नाव काढायलाच नको. ॲम्ब्युलन्स हा एक उपाय होता, पण ती नाही म्हणाली. "नातवाचं तोंड बघायला काय ॲम्ब्युलन्समधून जाऊ? दारात उतरले की त्यांच्या शेजारीपाजारी काय समजतील?" नरहरी हळूच म्हणाला, "मग उन्नतीलाच ये म्हणू या का?" आशालताने तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच एकेक शब्द ओढत म्हणाली, "तिचं बाळंतपण मी काढलं नाही. आता वर तिलाच ये म्हणू? कुठल्या तोंडाने?" तो विषय तिथेच मिटला. पुन्हा कोणी काढला नाही.

नायगावला शूटिंगचे सेट लागतात. तिथे कलाकारांना कपडे बदलायला वापरलेली एक जुनी फायबरची केबिन विकायला होती. आत माणूस लांब आडवा होईल एवढा पलंग, एक सरकती खिडकी, कोपऱ्यात कमोडची जागा. पंचेचाळीस हजाराला मिळाली. नरहरीला वाटलं, झालं, आता उचलायची, हौद्यात ठेवायची आणि निघायचं.

गिरिजच्या पुढे मेलरॉयचं गॅरेज आहे. नरहरीची गाडी कायम त्याच्याकडे. केबिन चढवलेली पिकअप दारात आली तशी त्याने हातातलं काम टाकलं आणि मागून, बाजूने, वाकून बघितली. गाडी शेपटाकडून बसली होती. पुढचे दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायचा सोडून माडांच्या शेंड्यांवर पडत होता.

"अंकल, केबिन स्वस्त घेतलीत," मेलरॉय म्हणाला. "पण ती वाहायची तर गाडी महाग पडणार."

आणि पडली. मागच्या कमानी बदलायला हव्या होत्या. चाकांवर सगळं वजन तोलून धरणारे ते वाकडे लोखंडी पाटे, एकावर एक बसवलेले, त्यांना गॅरेजवाले कमान म्हणतात. आहेत त्यांत दोन-दोन पाटे वाढवायचे, तेही भिवंडीहून मागवून. शॉकॲब्सॉर्बर नवे हवेत, टायर जास्त वजनाचे हवेत. केबिन हौद्याच्या कडेला बांधून चालणार नाही, ती नुसता पत्रा, घाटात फाटून येईल. खाली चासीला चार हूक जोडायचे आणि तिथून आवळायची. पंख्याला वेगळी बॅटरी, पाण्याला टाकी. आत बाई झोपलेली असणार म्हणून पुढे-मागे बोलायला घंटीची वायर. विरारचा आरटीओ एजंट त्याच्यापुढे एक पाऊल. त्याने विचारलं, "काका, आत काय नेणार, माल की माणूस? मालाच्या गाडीत माणूस झोपवता येत नाही. राहायची गाडी, कॅम्पर म्हणून पासिंग करून घ्या." त्याचे पैसे आणखी वेगळे. केबिनच्या तिप्पट रक्कम गाडीलाच लागली आणि काम संपेना.

नरहरीने हिशोब करून डोक्याला हात लावला असं काही नाही. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि कामाला लागायचा. दादरची फेरी झाली की दुपारी कामणला जायचा. भिवंडीच्या रस्त्याला तिकडे गोदामंच गोदामं. माल इकडून तिकडे टाकायला पिकअप लागतेच. केबिन तेव्हा अंगणात विटांवर उतरवून ठेवलेली असायची. तीन महिने हेच चाललं. दिवसभर आशालताजवळ रेजिना बसायची, आपली भाजी निवडायची, कधी माळ ओढत प्रार्थना म्हणायची. नरहरी संध्याकाळी घरी यायचा तेव्हा आशालता विचारायची, "झाली का खोली?" तो म्हणायचा, "होत आली." मग तो तिला भरवायचा आणि भरवता भरवता बसल्या जागी झोपायचा. उन्नतीचा फोन आला की आशालता सांगायची, गाडीचं काम चाललंय. तिकडून उन्नती म्हणायची, "सावकाश होऊ दे गं आई, घाई नको." किती समजूतदार होती सगळी! एवढी समजूत काय कामाची, असं मला अजून वाटतं.

शेवटचं काम राहिलं होतं ते कमानीचंच. पाटे भिवंडीहून उशिरा आले. मेलरॉय म्हणाला, केबिन चढवूनच आणा, वजनावर बघून बसवू. त्या दिवशी नरहरी दादरहून आल्या आल्या केबिन चढवून गॅरेजला गेला. गाडी जॅकवर चढली, घणाचे घाव सुरू झाले. तेवढ्यात त्याने रेजिनाला फोन केला आणि आवाजावर आवाज काढून सांगितलं, "रेजिना, मी कमानला आहे. उशीर होईल. आशाला तेवढं जेवण भरव."

गॅरेजमध्ये दिवस घालवलेला माणूस असंच बोलतो. गाडी कमानला लावली, मी कमानला आहे. रेजिना बिचारी काय ऐकणार? ती आत आशालताजवळ बसलेली, अंगणातली केबिन गेली हे तिला दिसलं नव्हतं. तीन महिने हा माणूस रोज कामणला जात होता. तिने ऐकलं, कामणला आहे. म्हणाली, "बरं बरं, सावकाश या."

फोन त्याने केबिनमधल्या पलंगावर ठेवला आणि मेलरॉयला हात द्यायला गाडीखाली शिरला.

जेवण भरवताना आशालताला ठसका लागला, मग उलटी झाली, मग उजवा हातही उचलेना. रेजिनाने नरहरीला फोन लावला. पुन्हा लावला. डॉक्टर आले, त्यांनी हॉस्पिटलला हलवा म्हणून सांगितलं आणि ॲम्ब्युलन्स मागवली. जिला ॲम्ब्युलन्स नको होती तिला त्याच ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. रेजिनाने आपला मुलगा कॉन्रॅड याला बाईक देऊन कामणला पिटाळलं. तो त्या गर्दीतून तिथवर पोचला आणि प्रत्येक गोदामाच्या गेटवर विचारत सुटला, भुईगावचा नरहरी चुरी बघितला का, पांढरी पिकअप.

ॲम्ब्युलन्समध्ये आशालता शुद्धीवर होती. जीभ पार जड झालेली, तरी तिने दोनदा विचारलं, "हे कुठेत?" रेजिना सांगत राहिली, "कामणला गेलेत गं, निघालेत तिथून. येतायत."

आणि हा बाबा घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर गाडीखाली पडून पाना धरत होता.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कमान बसली. नरहरी बाहेर आला, हात पुसले, फोन घेतला. हॉस्पिटलमध्ये पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. रेजिना बाकावरून उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "एवढा वेळ कसा लागला? कामणला होता ना तुम्ही?"

"कमानला," नरहरी म्हणाला. "मेलरॉयकडे. पाटे बसवत होतो."

रेजिनाला समजायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "मी कामण ऐकलं." नरहरीने आत जाऊन आशालताला बघितलं. तोंडाकडेला भाताचं शीत राहिलं होतं, ते काढलं. त्याला काही झालं नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की कॉन्रॅड अजून तिकडे गेटागेटावर फिरत असेल, त्याला फोन करून बोलवून घेतलं पाहिजे. आणि त्याने तसा फोन केला.

उन्नतीला कळवलं. मुलगी येईपर्यंत थांबू या असं ठरलं. नरहरी म्हणाला, "लहान बाळ घेऊन ती कशी येणार? थांबू नका." भावाने त्याला गप्प बसवलं.

उन्नती उजाडता उजाडता आली. नवऱ्याच्या मित्राची साधी गाडी होती, नवरा चालवत होता, ती मागे बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दारातच आळीतल्या म्हाताऱ्यांनी तिला अडवलं. अंगावर पिणारं मूल, मयताच्या घरात आणायचं नाही. उन्नतीने बाळ कुंपणापलीकडे रेजिनाच्या हातात दिलं आणि आत जाऊन आईच्या अंगावर पडली. म्हणजे बघा, नातू आजीच्या घरापासून एका कुंपणावर आला, आणि तरीही दोघांची भेट काही झाली नाही.

सगळं उरकून माणसं पांगली. मेलरॉयने गाडी आणून गल्लीत लावली होती. केबिन नीट आवळलेली होती, गाडी आता सरळ उभी होती. येणारे-जाणारे अंग चोरून तिच्या कडेने जात होते. नरहरी अंघोळ करून ओल्या डोक्यानेच रेजिनाच्या ओटीवर गेला. तिथे उन्नती बाळाला पाजून थोपटत बसली होती.

"बाळाला प्रवासात त्रास झाला का गं?" त्याने विचारलं. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून.

"कसला त्रास, बाबा? गाडी सुरू झाली तसा झोपला, तो वसईला उठला."

नरहरी खांबाला टेकला. "एका रात्रीत आलीस."

"एका रात्रीतलंच अंतर आहे," उन्नती म्हणाली. "मी कधीही आले असते. महिन्याभराचा होता तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, खुशाल न्या. पण तुम्ही दोघं त्या गाडीत इतके गुंतला होतात, आई रोज गाडीचंच सांगायची. मला वाटलं, तिला स्वतः यायचंय, तिची हौस कशाला मोडा. तुम्ही एकदा नुसतं ये म्हणाला असतात तर मी दुसऱ्या दिवशी इथे असते."

"मला वाटलं, तुला जमणार नाही."

"विचारलंत कुठे, बाबा?"

नरहरीने केबिनवाल्याला विचारलं होतं, एजंटला विचारलं होतं, टायरचे भाव तीन दुकानांत विचारले होते. मेलरॉयला तर रोज विचारत होता. उन्नतीला मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

उन्नती उठली आणि तिने बाळ त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, कापडातून बाहेर आलेला पाय बघितला. बाळाने जांभई दिली. तेव्हा कालपासून पहिल्यांदा, की वर्षभरात पहिल्यांदा, नरहरीचे हात असे थरथरायला लागले की उन्नतीला खालून आपले हात लावून बाळ धरावं लागलं.